ऑफिसचं नेटवर्क केबलिंग करताय? सीलिंग बंद व्हायच्या आधी या चुका टाळा

पुण्यात खराडी, बाणेर, हिंजवडी, कुठंही नवीन ऑफिसचं इंटिरियर चालू असेल तिथं एकदा डोकावून बघा. फॉल सीलिंगवाला, एसीवाला, इलेक्ट्रिशियन आणि डेटा केबलवाला सगळे एकाच वेळी घुसलेले असतात, पझेशनची तारीख डोक्यावर असते आणि मग केबल ओढली, नेटवर्क स्विचचा (सगळ्या डेटा केबल जिथं येऊन जोडतात तो डबा) लाईट लागला, झालं काम म्हणून मोकळे होतात. पण लाईट लागला याचा अर्थ फक्त एवढाच की दोन टोकांचं बोलणं सुरू झालंय, किती नीट चाललंय ते लाईट सांगत नाही. आणि एकदा सीलिंग बंद झालं की तीच केबल पुढची दहा-पंधरा वर्षं तिथंच राहणार.

सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे एखाद्याच टेबलावर नेट स्लो. लगेच इंटरनेटवाल्याला फोन करू नका, आधी त्या पीसीवर लिंक स्पीड बघा. 1 गिगाबिट ऐवजी 100 एमबीपीएस दिसत असेल तर बऱ्याचदा टर्मिनेशनमध्येच (केबलचं टोक जॅकमध्ये बसवण्यात) घोळ असतो, कारण गिगाबिटला केबलमधल्या पीळ दिलेल्या तारांच्या चारही जोड्या लागतात आणि 100 ला दोनच पुरतात, पिन 1-2 आणि 3-6. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार जॅकमध्ये नीट पंच झाली नसेल, म्हणजे दाबून बसली नसेल, तर लिंक 100 वर उतरते आणि चालू राहते, म्हणून महिनोन्महिने कुणाच्या लक्षातच येत नाही. जॅक उघडा, परत पंच करा, पाच मिनिटांचं काम आहे.

याहून वाईट म्हणजे स्प्लिट पेअर, म्हणजे जोडीतल्या तारांची फाटाफूट. नवीन पोरगं कामाला असलं की ते रंग सरळ ओळीने लावतं, केशरी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी, आणि दोन्ही टोकांना सेम लावलं म्हणजे बरोबर असं त्याला वाटतं. साधा एलईडीचा टेस्टर लावला तर 1 ते 8 लाईट क्रमाने लागतात पण, म्हणजे पास! प्रत्यक्षात पिन 3 आणि 6 वर दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा गेलेल्या असतात, पीळ एकमेकींचा नाही त्यामुळे क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल दुसरीत घुसणं) वाढतो आणि लोड आला की डेटाचे पॅकेट गळायला लागतात. बी पद्धतीचा (T568B) क्रम पाठच करून घ्या: केशरी-पांढरा, केशरी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. अख्ख्या साईटवर एकच पद्धत ठेवा आणि पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उघडू नका. काही जण सोयीसाठी दोन-दोन इंच तारा मोकळ्या करतात, दिसायला छान दिसतं पण कॅट 6 या वरच्या दर्जाच्या केबलचे पैसे तिथंच वाया गेले.

आता केबल. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या बाजारात घ्या नाहीतर ऑनलाइन, 305 मीटरचा बॉक्स इतरांपेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर तो सीसीए असण्याची दाट शक्यता, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. ब्लेडने तार खरवडून बघा, आतून पांढरी चंदेरी निघाली तर परत करा. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स जास्त असतो, तार मोडते पण लवकर, आणि आता कॅमेरे, वायफायचे ॲक्सेस पॉइंट सगळं पीओईवर (डेटा केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालतं, नव्या स्टँडर्डमध्ये स्विच एका पोर्टवर 90 वॉटपर्यंत देतो. एवढा करंट तसल्या केबलमधून गेला की गठ्ठा गरम होतो आणि लांबचा कॅमेरा रात्री आयआर (अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड) लाईट लागले की रीबूट व्हायला लागतो. हे लक्षण दिसलं तर कॅमेरा बदलत बसू नका, आधी केबल बघा.

लांबीचं गणित ड्रॉइंगवर करू नका हो. पॅच पॅनेलपासून (रॅकमधली जॅकची पट्टी) टेबलावरच्या जॅकपर्यंत 90 मीटर, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (जोडायच्या छोट्या केबल) धरून 100, त्यापुढे नाही. नकाशावर सरळ रेघ 65 मीटर दिसते पण केबल ट्रेने वळसा घालून, वर चढून, कॉलमने खाली उतरते. केबलच्या जॅकेटवर मीटरचे आकडे छापलेले असतात, दोन्ही टोकांचे आकडे वाचा, वजाबाकी करा, खरी लांबी मिळाली. जास्त होत असेल तर फ्लोअरच्या दुसऱ्या टोकाला छोटी रॅक टाका आणि मध्ये फायबर (वीज न वाहणारी काचेच्या तंतूची केबल). आणि हो, 10 गिगाबिट हवं असेल तर कॅट 6 साधारण 55 मीटरपर्यंतच, पुढे कॅट 6ए.

इलेक्ट्रिकच्या ट्रेमध्ये जागा आहे म्हणून डेटा केबल त्यातच टाकू नका, वेगळी ट्रे घ्या आणि क्रॉस करायचंच असेल तर काटकोनात. केबल टाय करकचून आवळू नका, वेल्क्रो वापरा. सीलिंगच्या टाईल्सवर केबल पसरून ठेवणं तर बंदच करा, एसीवाला सर्व्हिसिंगला वर चढला की त्याचा पाय त्यावरच पडतो.

भोसरी-चाकणकडच्या शेडमध्ये दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल हवेतून ओढलेली हमखास दिसते. एप्रिल-मेच्या वळवात विजा कडाडल्या की दोन्हीकडचे स्विच जायची भीती, त्यामुळे तिथं फायबरच टाका.

टेस्टिंग सीलिंग बंद व्हायच्या आधी करून घ्या आणि वायरमॅपवर (कुठली तार कुठल्या पिनला एवढंच बघण्यावर) थांबू नका, प्रत्येक पॉइंटचा लांबी, लॉस (सिग्नल किती कमी होतो), नेक्स्ट (जवळच्या टोकाचा क्रॉसटॉक) आणि रिटर्न लॉस (सिग्नल किती मागे परततो) असलेला सर्टिफिकेशन रिपोर्ट मागा, ज्याला साईटवर सगळे टेस्टरच्या कंपनीच्या नावावरून फ्लूक रिपोर्ट म्हणतात. रिपोर्टमधला नंबर, फेसप्लेटवरचं लेबल आणि पॅनेलवरचं लेबल तिन्ही जुळतायत का ते स्वतः चार-पाच ठिकाणी जाऊन बघा. जुळत नसतील तर कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं बिल तेवढ्यापुरतं थांबवा, एकदा ती माणसं दुसऱ्या साईटवर गेली की परत कुणी येत नाही.