नव्या नोकरीसाठी घर विकताना या चुका टाळा

लातुरात दस्तलेखनाचे काम करताना दर उन्हाळ्यात माझ्या टेबलासमोर एकाच साच्यातली माणसे येऊन बसतात. चाकणला किंवा हैदराबादला नोकरी लागलेली असते, हजर होण्याची तारीख पंधरा-वीस दिवसांवर आलेली असते आणि खरेदीदाराकडून इसार, म्हणजे सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम, घेऊन तो खर्चही झालेला असतो. घराचे कागद मात्र अद्याप कपाटातच असतात.

आधी इसार आणि मग कागद, ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. काही वर्षांपूर्वी आलेल्या एका गृहस्थांच्या घराची करपावती त्यांच्या नावाची होती, वीजबिलही त्यांच्याच नावाचे होते आणि तेवढ्यावरून घर आपले एकट्याचे आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. मालकाची नोंद असलेले मालमत्ता पत्रक काढल्यावर त्यावर सहा वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचे नाव निघाले. आई घरातच होती, एक बहीण नांदेडला आणि दुसरी हैदराबादला होती. तिघींचा मनापासून होकार होता. परंतु दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकासमोर फोनवरचा होकार चालत नाही. इसार पावतीत 45 दिवसांत रजिस्ट्री न झाल्यास इसाराची दुप्पट रक्कम परत करण्याची अट होती आणि घेतलेले 4 लाख पुण्यातल्या फ्लॅटच्या बुकिंगला गेले होते. हैदराबादच्या बहिणीचे दिवस भरत आल्याने तिला प्रवास करता येईना, आणि तिकडे तिच्या वतीने सही करण्याचे मुखत्यारपत्र नोंदवून येईपर्यंत मुदत टळून गेली. खरेदीदाराने भांडण केले नाही की दावा लावला नाही. त्याने ती अट शांतपणे दाखवून किंमत अडीच लाखांनी उतरवून घेतली.

करपावती म्हणजे मालकी नव्हे, हे मी दिवसातून चार वेळा सांगतो. मुलाखतीचे बोलावणे आले की नोकरी मिळो वा न मिळो, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढून आणा, असे मी ओळखीच्यांना सांगत असतो. त्यावर दिवंगत व्यक्तीचे नाव असेल तर वारस नोंद लावून घ्यावी, आणि आईसह, लग्न झालेल्या बहिणींसह सर्व वारसांनी खरेदीखतावर विकणारे म्हणून सही करावी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. ‘बहिणींना कशाला विचारायचे’ असे म्हणणाऱ्याचा दस्त मी लिहीत नाही.

मराठवाड्यात कागदांचे आणखी काही पेच आहेत. जुन्या वस्तीतल्या घरांचे मूळ कागद निजामाच्या काळातले, उर्दूतले असू शकतात आणि खरेदीदाराचा वकील त्यांचे भाषांतर मागतो. जमीन इनामी किंवा भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली, असेल तर विक्रीपूर्वी महसूल खात्याच्या परवानगीचा प्रश्न येतो. छत्रपती संभाजीनगरात सिडको या सरकारी महामंडळाची मालमत्ता अजून भाडेपट्ट्यावर असल्यास हस्तांतराची परवानगी लागते, आणि गुंठेवारीतले, म्हणजे जमिनीचे विनापरवाना तुकडे पाडून बसलेल्या वस्तीतले, घर 2001 च्या कायद्याखाली नियमित झालेले नसेल तर कर्ज काढून घेणारा खरेदीदार बहुधा हातचा जातो. यातले काहीही पंधरा दिवसांत उरकत नाही.

दुसरी चूक म्हणजे घाईने दिलेले मुखत्यारपत्र. निघायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याच्या किंवा दलालाच्या नावाने सर्वाधिकार लिहून देऊन माणसे निर्धास्तपणे गाडीत बसतात. काही जण तर मुखत्यारपत्रावरच पूर्ण पैसे घेऊन व्यवहार संपला असे समजतात. मात्र मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. अशा व्यवहारात घर कागदोपत्री तुमच्याच नावावर राहते आणि पुढची प्रत्येक नोटीस तुम्हालाच येते. अगदीच अडचण असेल तर सख्ख्या नात्यातल्या व्यक्तीला केवळ त्या एका मिळकतीपुरते, रक्कम आपल्याच खात्यात जमा होईल अशी अट घालून, नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्यावे. माझे प्रामाणिक मत विचाराल तर तेही देऊ नये. पुण्याहून रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसलेला माणूस सकाळी लातुरात असतो. आयुष्यभराच्या कमाईच्या घरासाठी एक रजा टाकणे एवढे अवघड नसावे.

हजर होण्याची तारीख दलालाला सांगू नये. ती समजल्यावर भाव वाढल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही.

रोखीचा मोह टाळावा. घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दस्तात किंमत कमी दाखवण्याची युक्तीही फळत नाही, कारण ती मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा 10 टक्क्यांहून अधिक खाली गेली की विकणाऱ्याचा प्राप्तिकर त्या मूल्यांकनावरच धरला जातो. घर 24 महिन्यांहून अधिक काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो, आणि तो विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत दुसऱ्या घरात गुंतवल्यास करात सवलत मिळते. ही गणिते इसारापूर्वी सनदी लेखापालाकडे करावीत.

घरावर कर्ज असेल तर बँकेकडून शिल्लक कर्जाच्या रकमेचे पत्र आणि बँकेच्या ताब्यातील मूळ कागदांची यादी आधीच आणावी. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत देणे बँकांवर बंधनकारक आहे, पण मिळकतीच्या नोंदीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी अर्ज घेऊन तुम्हालाच फिरावे लागते.

शेवटी वीज. जाताना मीटर बंद करून घराला कुलूप लावणारे बरेच आहेत. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात गिऱ्हाईक खोल्या पाहण्याआधी बोअर चालू करायला सांगते, आणि वीज नसलेल्या घरातला बोअर त्याच्या लेखी कोरडाच असतो.