खुल्या स्मार्टवॉचला मराठी तबकडी देण्याआधीची तयारी

स्मार्टवॉचसाठी केलेली मराठी तबकडी, आकड्यांचा फाँट किंवा चिन्हांचा संच एखाद्या खुल्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा, प्रकल्पाला द्यायचा असेल, तर कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एक तक्ता करावा आणि प्रत्येक फाइलपुढे चार गोष्टी नोंदवाव्यात: ती कोणी बनवली, कुठून मिळाली, तिचा परवाना कोणता आणि त्या परवान्याचा मजकूर कुठे ठेवला आहे. गेल्या खेपेला माझी तबकडी पूर्ण तयार असूनही आकड्यांच्या फाँटचा परवाना दाखवता न आल्यामुळे अडून राहिली, म्हणून ही यादी तक्त्यापासूनच सुरू केली आहे.

गिट हे कोडमधले बदल नोंदवणारे साधन, त्यासाठीचे खाते आणि चार्जिंगची केबल यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. घड्याळ मात्र एकच ठरवावे. बँगल डॉट जेएस २ आणि पाइनटाइम ही दोन खुली घड्याळे आहेत. बँगल डॉट जेएस २ चा पडदा १७६ बाय १७६ पिक्सेलचा, ८ रंगांचा आहे आणि त्याची ॲप जावास्क्रिप्टमध्ये लिहितात. पाइनटाइमचा पडदा २४० बाय २४० पिक्सेलचा आहे आणि त्यावर चालणारे इन्फिनिटाइम हे फर्मवेअर, म्हणजे घड्याळ चालवणारी मूळ आज्ञावली, सी प्लस प्लसमध्ये आहे. पाइनटाइमवर पडदाभर चित्र १६ बिटी रंगांत, म्हणजे दर पिक्सेलला दोन बाइट धरून, ठेवायचे म्हटले तर १,१५,२०० बाइट लागतात, आणि त्या घड्याळाची रॅम सगळी मिळून ६४ केबी आहे. हा गुणाकार आधी कागदावर करावा, म्हणजे पंचगंगेच्या घाटाचे सुंदर चित्र आठवडाभर रंगवून शेवटी टाकून देण्याची वेळ येणार नाही.

मराठीचा प्रश्न याहून नाजूक आहे. ० ते ९ हे आकडे सुटे असल्यामुळे ते कुठल्याही घड्याळावर नीट उमटतात. वारांच्या नावांचे तसे नाही. इतक्या लहान फर्मवेअरमध्ये अक्षरे एकापुढे एक मांडली जातात. जोडाक्षर जुळवणे आणि मात्रा योग्य जागी बसवणे ही कामे तिथे होत नाहीत. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते आणि दाखवताना मात्र ती व्यंजनाच्या आधी यावी लागते, त्यामुळे ‘रविवार’ आणि ‘शनिवार’ यांतली वेलांटी भलत्या जागी दिसते, तर ‘शुक्रवार’मधले जोडाक्षर फुटते. यावर खात्रीचा उपाय असा की सात वार आणि बारा महिने संगणकावर नीट जुळवून घ्यावेत आणि त्यांची एक बिटी, म्हणजे नुसती काळी-पांढरी, चित्रे करून द्यावीत. १२० बाय ४० पिक्सेलचे असे एक चित्र ६०० बाइटचे होते, म्हणजे सातही वार ४,२०० बाइटमध्ये मावतात. संपूर्ण देवनागरी फाँट घड्याळात कोंबण्याचा हट्ट कोणीही धरू नये. दहा आकडे आणि विसर्गासारखे दिसणारे दोन टिंब एवढेच वेगळे काढावेत.

आणि ते वेगळे काढताना तक्ता समोर असावा. ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ हे फाँट एसआयएल ओपन फाँट लायसन्सखाली मिळतात; त्या परवान्याचा मजकूर फाँटसोबत द्यावाच लागतो. फाँटमधून मोजकी अक्षरे काढणे हाही बदलच असतो, आणि बदललेला फाँट त्याच परवान्याखाली राहतो, त्यामुळे आपला कोड एमआयटी या दुसऱ्या खुल्या परवान्याचा असला तरी तो परवाना फाँटला लावता येत नाही. त्याचा फोल्डर वेगळा आणि परवान्याची फाइल त्याच फोल्डरात असावी. मूळ नाव राखीव असल्याचे परवान्यात लिहिले असेल, तर बदललेल्या फाँटला दुसरे नाव द्यावे. छापखान्यातल्या ओळखीच्या माणसाने पेनड्राइव्हवर दिलेला डीटीपीचा फाँट कितीही देखणा असला तरी तो घेऊ नये, कारण त्याचा परवाना आपल्याजवळ नसतो आणि पुढे कोणी विचारले तर आपण निरुत्तर होतो.

चित्रांनाही हाच नियम लागू आहे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार निर्मिती होताच हक्क निर्मात्याचा होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि वापराचा परवाना लेखी असावा लागतो. कलामहाविद्यालयातला मित्र “वापर की, त्यात काय” म्हणाला, तर त्याचे मन मोठे आहे, पण त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात आणि त्यांत परवान्याचे नाव असावे. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत धरली तरी त्यांची चित्रे केव्हाच मुक्त झाली आहेत. तरीही एखाद्या पुस्तकातून किंवा संकेतस्थळावरून उचललेला त्या चित्राचा फोटो आपला आहे असे समजू नये. तो कोणाचा, हे तक्त्यात लिहिता आले तरच घ्यावा. परवाना लिहिला नाही तर वस्तू खुली होत नाही, सगळे हक्क राखीवच राहतात. आपल्या स्वतःच्या कोडलाही हे लागू आहे.

खासगी माहिती काढून टाकावी. राजारामपुरीतून रंकाळ्यापर्यंत चालून नमुना म्हणून जोडलेल्या जीपीएस नोंदीचा पहिला बिंदू आपल्या घराचे दार असतो. हवामानाच्या सेवेची चावी, म्हणजे ती सेवा वापरण्याचा आपला गुप्त संकेत, कोडमध्ये राहिली, तर नंतर पुसूनही ती गिटच्या इतिहासात सापडते, म्हणून ती रद्दच करावी.

चाचणी आधी एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या नकली घड्याळावर, आणि मग खऱ्या घड्याळावर, भर दुपारच्या उन्हात आणि अंधारात करावी. सेकंद दाखवत नसाल तर तबकडी मिनिटातून एकदाच रंगवावी. बॅटरी त्यानेच वाचते. बारा आणि चोवीस तासांच्या दोन्ही पद्धती पाहाव्यात.

मग फोर्क, म्हणजे प्रकल्पाची आपली प्रत, तीत वेगळी शाखा, आणि बदल स्वीकारण्याच्या एका विनंतीत एकच तबकडी. बँगलसाठी मेटाडेटा डॉट जेसन ही ॲपच्या तपशिलाची फाइल, चिन्ह आणि बदलांची नोंद ठेवणारा चेंजलॉग लागतात. माहितीची फाइल इंग्रजीत, खाली मराठीत. परवान्याच्या फाइली आहेत ना, ते पुन्हा पाहावे. तक्त्यात एखादी चौकट रिकामी असेल तर ती फाइल काढून बाकीचे पाठवावे. तपासणाऱ्याने बदल सुचवले तर ते त्याच शाखेत करावेत, नवी विनंती उघडू नये.