वादळाची श्रेणी पाहून निर्धास्त होऊ नका

चक्रीवादळाची श्रेणी वाऱ्याच्या वेगावरून ठरते, त्यामुळे ती खाली आली की किनाऱ्यावरचे लोक निर्धास्त होतात. वास्तविक वाऱ्याने रेटलेले समुद्राचे पाणी भरतीच्या वेळी आले, तर ते खाड्या आणि नाल्यांतून उलटे वर चढून समुद्र दिसतही नाही अशा वस्त्यांत शिरते. म्हणून इशारा मिळताच श्रेणीबरोबर भरतीची वेळ अवश्य पाहावी.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहतो तो निवाऱ्याकडे जाणारा रस्ता. निवारा उंचावर असला, तरी वाटेतली एखादी मोरी किंवा सखल वळण आधीच पाण्याखाली जाते, आणि घोट्याच्या वर चढलेले वेगवान पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते. कोरड्या दिवसांत वस्तीतील काही जणांनी हा रस्ता पायी चालून अशा जागा हेराव्यात आणि अंथरुणाला खिळलेल्या किंवा ऑक्सिजनवर असलेल्या प्रत्येक रुग्णाला कोण नेणार, हे नावानिशी लिहून ठेवावे.

वादळाचा डोळा, म्हणजे त्याच्या केंद्रातला शांत भाग, माथ्यावर आला की वारा अचानक पडतो. त्या वेळी बाहेर पडू नये, कारण थोड्याच वेळात तो उलट दिशेने तितक्याच जोराने सुटतो.

वादळानंतर जनरेटर घरात, गॅरेजमध्ये किंवा व्हरांड्यात कधीही चालवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. तो उघड्यावर, खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर ठेवावा. समुद्राचे पाणी शिरलेल्या विहिरीत क्लोरीन टाकल्याने जंतू मरतात, मात्र खारटपणा जात नाही, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा साठा आधीच झाकून उंचावर ठेवावा.