वेळ कमी असणाऱ्यांनी इलेक्ट्रिक माउंटन बाइक कशी पारखावी
आठवड्यातून जेमतेम दीड तास मोकळा मिळत असेल, तर तो नेमका कुठे खर्च होतो ते आधी पाहावे. चढावरच तो संपत असेल, तर ही सायकल उपयोगी ठरते, कारण पेडलवरचा जोर ओळखून मोटार साथ देते आणि एकाऐवजी दोन उतार पदरी पडतात. पायवाटेपर्यंत पोहोचण्यातच वेळ जात असेल, तर मोटार तरी काय करणार? शिवाय २० ते २५ किलोंची ही सायकल गाडीच्या कॅरिअरवर एकट्याने चढवून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. बॅटरी सहज निघणारी असेल, तर ती आधी काढून ठेवल्याने तीन-चार किलो कमी होतात. चार्जिंगला काही तास लागत असल्याने ते निघण्याच्या वेळेवर ढकलू नये. चेन मात्र लवकर झिजते, तिच्यावर लक्ष ठेवावे.