शिल्पबाग करायचीय? आधी एप्रिलची दुपार बघा

शेजारच्या वसाहतीतल्या मंडळींनी विचारलं, साने गुरुजींच्या गोष्टींची तुमच्यासारखी बाग आम्हालाही करायचीय, तयारी काय काय लागेल? सगळं सांगतो. पण आम्ही जे विसरलो ते आधी लिहून घ्या. सावली. मूर्तींना पोरं हात लावणार, त्यांच्यावर बसणार, चढणार, आणि हे सोलापूर आहे.

कल्पना आमची उसनी. भाच्याने अमेरिकेतून फोटो पाठवले होते. स्प्रिंगफील्ड या गावी डॉ. सूस हा पोरांच्या गोष्टी लिहिणारा लेखक जन्मला, तिथे २००२ साली त्याच्या नावाची शिल्पबाग झाली. मूर्ती ब्राँझच्या आणि घडवणारी त्याचीच सावत्र मुलगी. पोरं मूर्तींना लोंबकळतायत, आईबाप फोटो काढतायत. आम्ही भाळलो. त्या गावात बर्फ पडतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्यात गुरुजींची जयंती २४ डिसेंबरला, तो दिवस गाठायची घाई. डिसेंबरात लोखंडाला हात लावला तर गारच लागणार की!

मग एप्रिल आला, शाळा सुटल्या. 'श्यामची आई'मधली ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई आपलं लुगडं दगडावर पसरते. ते लुगडं आम्ही लोखंडी पत्र्याचं केलं, गडद तपकिरी, मुद्दाम जमिनीलगत, पोरांनी त्यावर उभं राहावं म्हणून. एका दुपारी पाच वर्षांचा एक पोरगा आजीबरोबर आला. आईच्या लुगड्यावर चप्पल घालून उभं राहायचं नाही, असं आजीने सांगितलं. त्याने शहाण्यासारख्या चपला काढल्या, जोडीने बाजूला ठेवल्या आणि उभा राहिला. दोन्ही तळव्यांना फोड. पाण्याच्या जारची तोटी सोडून आम्ही त्याचे पाय धुत बसलो होतो. आजी काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा सावली. हवा ४२ अंशांवर असताना उन्हातला धातू सहज साठीच्या पुढे जातो, आणि तेवढ्या तापलेल्या पत्र्यावर लहान पोराची कातडी काही सेकंदांत भाजते. काळा पाषाण घेऊ म्हणाल तर तोही तापतो, शिवाय संध्याकाळी उशिरापर्यंत गरम राहतो. फायबरला गडद रंग दिला तर तेच. फिकट रंगाचं सिमेंट त्यातल्या त्यात बरं, पण तेही सावलीतच. रोपं लावू, मोठी होतील, असं म्हणू नका. कडुनिंबाची सावली पडेपर्यंत तुमची पोरं कॉलेजात जातील. मोठं झाड आधीच असेल त्याच्याखाली मूर्ती न्या. बागेच्या नकाशात कुठे शोभेल ते नंतर. हिरवी जाळी बांधाल तर पक्क्या पाइपांवर बांधा. आमची पहिली वळवाच्या वाऱ्यात फाटून तारेला लोंबत होती.

जागा. महापालिकेची असो की सोसायटीची, परवानगी लेखी घ्या. तोंडी 'करा हो' म्हणणारा माणूस पुढे बदलून जातो. खुद्द गुरुजींचा पुतळा बसवायचा असेल तर ते प्रकरण वेगळं आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस, पुतळ्याच्या मातीत घडवलेल्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, असं बरंच. आम्ही म्हणूनच गोष्टींतली माणसं आणि मोरी गाय एवढ्यावर थांबलो.

मजकुराचं सोपं आहे. गुरुजी ११ जून १९५० ला गेले, लेखकाच्या पश्चात साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन कुणालाही वापरता येतं. पण चित्रकाराची चित्रं आणि सिनेमातले चेहरे उचलू नका, त्यांचे हक्क निराळे. पाट्या मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही करा. आपल्या पूर्व भागातल्या आज्या पोराला पाटी वाचून दाखवणार ती तेलुगूत. आणि एक पाटी पंढरपूरची हवीच. विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केलं ते आपल्याच जिल्ह्यात, आणि आमच्या समितीतल्या निम्म्यांना ते माहीत नव्हतं.

पाया. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर गाय वर्षात कलते. पोकळ मूर्तीला खालून भोकं ठेवा, नाहीतर आत पाणी साचून गंज आतूनच खातो. वेल्डिंगचे काठ बघायचे असतील तर जुनी साडी घेऊन सगळ्या मूर्तीवरून फिरवा. जिथे अडकेल तिथे ग्राइंडर. कारागीर म्हणेल झालं साहेब, गुळगुळीत आहे. तुम्ही साडी फिरवा.

आणि पैसे देण्याआधी, हे दोनदा वाचा, ज्या मालाची मूर्ती होणार त्याचा वीतभर तुकडा, त्याच रंगात, त्याच जागी एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता ठेवा. तासाभराने हाताची मागची बाजू त्यावर टेकवा. दहापर्यंत मोजता आलं नाही तर माल बदला किंवा जागा बदला. डिसेंबरात करायची ही परीक्षा नव्हे. सकाळी आठलाही नव्हे. आमच्या समितीत पाहणीला सगळे सकाळीच यायचे, फिरायला जाता जाता, म्हणून तर हे घडलं.

गवंडी, मांडववाले जानेवारीत शोधू नका, गड्ड्याच्या यात्रेत कुणी सापडत नाही. पाण्याची टाकी हवी; नळ काही दिवसांआड येतो, आणि झाडं जगली नाहीत तर सावली कुठली?

उद्घाटन. नारळ बाजूच्या दगडावर फोडा, मूर्तीवर नको. आईच्या मूर्तीला हळदीकुंकू लागणारच, पुसायचं फडकं आणून ठेवा. भाषणं दोन. खाऊ, कचऱ्याचे डबे, दिवे, रखवालदार, हे तुम्हाला कळतंच. वर्षातून एकदा रंग. फिकट.

आम्ही ते लुगडं उचलून वडाखाली नेलंय, वर पांढरा रंग आणि खाली लाकडी फळी. बघायला याल तर दुपारी दोनला या. सकाळी आलात तर काही कळणार नाही.