ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी: शेगडीची ज्योत पाहून घ्या

ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरात राहायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मी पहिल्याच दिवशी शेगडीचे सगळे बर्नर पेटवून पाहायला सांगतो. आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात कढईचे बूड रोज काळे होत असे आणि आम्ही ते घासत राहिलो. ज्योतीकडे कोणी नीट पाहिलेच नाही.

भारतातल्या सिलिंडरमध्ये मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन असतात, तर इथे नळाने येणारा वायू बहुतांशी मिथेन असतो. मिथेनला पूर्ण जळण्यासाठी त्याच्या सुमारे 10 पट हवा लागते आणि ब्यूटेनला जवळपास 31 पट, त्यामुळे दोन्हींसाठी जेटचे, म्हणजे बर्नरमध्ये वायू सोडणाऱ्या बारीक तोटीचे, छिद्र वेगळ्या मापाचे असते. घरून हौसेने आणलेली शेगडी इथल्या नळाला जोडू नये, ती याचसाठी.

ज्योत निळी व स्थिर असेल आणि तिच्या आतला शंकू स्पष्ट दिसत असेल, तर वायूत पुरेशी हवा मिसळते आहे असे समजावे. हवा कमी पडली की कार्बनचे न जळलेले कण तापून पिवळे चमकतात, ज्योत लांबट होते आणि भांड्यांना काजळी धरते. हवा फार झाली तर ज्योत बर्नरपासून सुटून वर उचलली जाते. मीठ सांडल्यावर क्षणभर दिसणारी नारिंगी झाक मात्र सोडियमची असते, तिला घाबरू नये.

पिवळेपणा टिकला तर बर्नर थंड झाल्यावर त्याची झाकणी धुऊन, पूर्ण कोरडी करून खाचेत नीट बसवावी. पुष्कळदा एवढ्याने भागते. जेटमध्ये टाचणी घालण्याची आपली सवय सोडावी, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी वायू जास्त येतो आणि हवा अपुरी पडते.

घर आणि नळाचे पाणी तापवणाऱ्या बॉयलरला स्वतः हात लावू नये. त्याची ज्योत पिवळी दिसली किंवा भोवती काजळीचे डाग दिसले, तर तो बंद करून घरमालकाला कळवावे आणि 'गॅस सेफ रजिस्टर' या गॅस तंत्रज्ञांच्या अधिकृत यादीत नोंद असलेल्या तंत्रज्ञाकडूनच काम करून घेण्याचा आग्रह धरावा. वार्षिक तपासणी मालकाला कायद्याने बंधनकारक असून तिच्या दाखल्याची प्रत घरात येण्यापूर्वीच मागून घ्यावी.

हिवाळ्यात खिडक्या बंद असतात आणि अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरात डोके दुखते, मळमळते आणि बाहेर पडताच बरे वाटते, असे होऊ लागल्यास गॅस बंद करून, खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे व 0800 111 999 या गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2022 पासून बॉयलर असलेल्या खोलीत या वायूचा अलार्म बसवणे मालकावर बंधनकारक आहे, पण नुसती गॅसची शेगडी असेल तर तो नियम लागू होत नाही. स्वयंपाकघरासाठी अलार्म आपणच विकत आणावा.