आयपीए चाखताना: आधी तारीख, मग नाक, मग जीभ

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून निघालेली बिअरची पिंपं आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी हिंदुस्थानात पोचत. भरपूर घातलेल्या हॉप्समुळे, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांमुळे, बिअर आंबट करणारे जिवाणू आवरले जात, म्हणून ती वाटेत सहसा नासत नसे. त्या बिअरचा वारसा सांगणारी, हॉप्सवर जोर देणारी आजची क्राफ्ट आयपीए (इंडिया पेल एल) मात्र बिअरच्या सगळ्या प्रकारांत नाजूक. कडूपणा बराच काळ तग धरतो, पण जिच्यासाठी आपण पैसे मोजतो ती हॉप्सच्या तेलांची दरवळ सर्वांत आधी ओसरते. म्हणून चाखण्याआधी कॅनच्या बुडाशी छापलेली तारीख बघा. गढूळ, रसाळ 'हेझी' आयपीए दीड महिन्याच्या आत प्यावी, स्वच्छ आणि जास्त कडू 'वेस्ट कोस्ट' तीन महिन्यांपर्यंत, आणि तेही सतत फ्रीजमध्ये असेल तरच. उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेला कॅन तारखेने ताजा असला तरी चवीने शिळाच निघतो. मायक्रोब्रुअरी जवळ असेल तर तिथल्या नळाची आयपीए आधी गाठा.

फ्रीजमधून काढल्यावर दहा मिनिटं थांबा. 7 ते 10 अंश सेल्सिअस हे योग्य तापमान. त्याहून गार असेल तर वास दबतो आणि कडूपणा एकटाच पुढे येतो. बर्फाचा थर धरलेला मग अजिबात नको. तोंडाकडे निमुळता होणारा ट्यूलिप ग्लास उत्तम, नसेल तर वाइनचा. ग्लासला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला की फेस लगेच बसतो आणि आतल्या काचेला बुडबुडे चिकटून राहतात. ओला ग्लास उपडा धरून पाहा: पाणी सलग पसरलं तर स्वच्छ, थेंब थेंब तुटलं तर पुन्हा धुवा.

ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या. चाखायला दीडशे मिली पुरे. फेस चढत असतानाच नाक जवळ न्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे मिळतं ते नंतर तेवढं मिळत नाही. एक लांब श्वास ओढण्यापेक्षा दोन-तीन छोटे हुंगे घ्या, कारण नाक फार लवकर सरावतं. मग ग्लासच्या तोंडावर तळहात ठेवून दहा सेकंद फिरवा आणि पुन्हा हुंगा.

वासाला नाव देणं इथेच बहुतेकांना अवघड जातं. परदेशी वर्णनांत 'ग्रेपफ्रूट' सतत येतो. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचं पपनस. बशीत पपनसाची साल, संत्र्याची साल, गवती चहाची चुरगळलेली पात आणि पिकलेल्या पेरूची फोड ठेवा आणि बिअर व बशी आलटून पालटून हुंगा. 1972 साली अमेरिकेत आलेल्या कॅस्केड हॉप्समध्ये पपनसाची साल आणि फुलं सापडतात, सिमकोमध्ये चिडाच्या लाकडाची राळ, सिट्रात आंबा, लिची आणि लिंबाची साल, मोझॅइकमध्ये पेरू आणि बेरी. कांदा-लसणाचा वास आला तर तो तुमचा भ्रम नाही. काही हॉप्स, विशेषतः उशिरा तोडलेले, गंधकयुक्त द्रव्यांमुळे तसा वास देतात.

आता घोट. तो जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. फळांचा बराचसा स्वाद याच श्वासात कळतो. वाइनसारखं थुंकू नका, कारण कडूपणाचा खरा अंदाज गिळल्यानंतर येतो. मनात आकडे मोजा. चांगल्या आयपीएचा कडूपणा चढतो, ठसतो आणि पंधरा-वीस आकड्यांत स्वच्छपणे उतरतो, संत्र्याच्या सालीसारखा. घशाच्या मागे कडुनिंबाच्या काढ्यासारखा चिकटून राहिला तर तो खरबरीत. माल्टकडेही, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याच्या चवीकडेही, लक्ष द्या: भाजलेल्या पावाची, मधाची हलकी चव हवी, काकवीची नको. कॅनवरचा आयबीयू (कडूपणाचं आंतरराष्ट्रीय एकक) हा आकडा कडू द्रव्याचं मोजमाप आहे, तुमच्या जिभेचं नाही. अमेरिकी आयपीएत तो साधारण 40 ते 70 असतो, पण माल्टचा गोडवा जास्त असेल तर 60 सुद्धा मवाळ लागतात. पाण्याचाही हात असतो: सल्फेट कडूपणाला धार देतं, क्लोराइड बिअरला गोलाई देतं. इंग्लंडातल्या बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्याची ख्याती यामुळेच.

दोष ओळखणं जास्त उपयोगी. ओला पुठ्ठा किंवा शिळा मध म्हणजे ऑक्सिजन लागला. हेझी असेल तर रंगही करडा-तपकिरी होतो. जळक्या रबरासारखा उग्र दर्प म्हणजे प्रकाश लागला. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत हे होतंच, पण गच्चीवर उन्हात ठेवलेल्या ग्लासातही काही मिनिटांत होतं. जुनं चीज किंवा घामट मोजे म्हणजे हॉप्स शिळे होते. बटर पॉपकॉर्न म्हणजे डायसेटिल, यीस्टमुळे तयार होणारं लोण्याच्या वासाचं द्रव्य: आंबून झालेल्या बिअरमध्ये हॉप्स घातल्यावर त्यांतली विकरं उरलेल्या शर्करा फोडतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं, आणि त्याला पुरेसा वेळ न देता बिअर भरली की हा वास राहतो. अगदी ताज्या हेझीने घसा जळजळत असेल तर हॉप्सचे कण अजून तरंगताहेत. उरलेले कॅन आठवडा-दोन आठवडे फ्रीजमध्ये उभे ठेवले की ते तळाशी बसतात.

चाखण्याआधी पान, बडीशेप, टूथपेस्ट टाळा. चार बिअर चाखायच्या असतील तर आयपीए शेवटी, नाहीतर नंतरची लागर, म्हणजे नेहमीची सौम्य बिअर, पाण्यासारखी लागेल. मधे साधं पाणी आणि कोरा पाव. चकण्याला तिखट शेव किंवा शेजवान काही घेतलंत तर कडूपणा आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात. त्यापेक्षा खारे शेंगदाणे किंवा तळलेले बोंबील बरे.

शेवटचे दोन घोट वीस मिनिटं बाजूला ठेवा. ऊब चढली की गारव्यात लपलेलं लोणी आणि पुठ्ठा दोन्ही वर येतात. तेव्हाही पपनस आणि राळच येत असेल, तर त्याच तारखेचे आणखी दोन कॅन घेऊन ठेवा.